शेजारची फाइल

देवानं जग निर्माण करायला घेतलं तेव्हा सल्ल्याला आमच्या भावजींना बोलावलं असतं, तर जग निर्माणच झालं नसतं. भावजींनी चष्मा पुसला असता आणि म्हटलं असतं, "नवीन कशाला? आधी काय आहे ते बघून घेऊ." काहीच नाही म्हटल्यावर ते निमूट घरी परतले असते. माणसं दोन तऱ्हांची असतात. काही जण आधी मनात चित्र काढतात आणि जगानं त्या चित्रासारखं व्हावं म्हणून जन्मभर जगाशी भांडत बसतात, मी त्यातली. भावजी आधी जग बघतात आणि मग त्यावरून चित्र काढतात. हा सद्गुण आहे हे मला मान्य आहे, पण या सद्गुणाबरोबर एकदा हॉटेलात जाऊन बघा. मेनूकार्डाला ते हात लावत नाहीत. वेटरला विचारतात, "आत काय तयार आहे?" वेटर म्हणतो, "साहेब, सगळं मिळेल." "मिळेल नको. आहे काय ते सांगा." शेवटी आम्ही सगळे डोसे खातो आणि भावजी सकाळपासून पातेल्यात वाट बघत असलेली उसळ अतिशय समाधानानं खातात.

भावजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे, ताईचे यजमान. खांदा कॉलनीत राहतात. त्यांच्या जिन्यात उरणची एक मावशी मासळी घेऊन येते, तिचं आणि त्यांचं फार जमतं. सगळ्या बिल्डिंगमधल्या बायका पापलेटचा भाव विचारतात, भावजी विचारतात, "टोपलीत काय हाय?" मावशी म्हणते, "बोंबील हाय, मांदेली हाय. पापलेट नाय." भावजी म्हणतात, "पापलेट मी विचारलंच नाही." यावर मावशीनं एकदा माझ्यादेखत सर्टिफिकेट दिलं होतं, "यो एकच गिऱ्हाईक शाना हाय. तुमी बाया जे नाय त्याचंच नाव घेता." रिक्षात बसायच्या आधीसुद्धा ते रिक्षावाल्याला विचारतात, "तुम्ही कुठे चाललात?" स्टँडसमोरचा एक रिक्षावाला इतका गोंधळला होता, की म्हणाला, "काका, ते तुमी सांगायचं असतं." घरात तर विचारू नका. जागा घेतली तेव्हा आधीच्या मालकाचे खिळे जिथे होते तिथेच यांनी वस्तू लावल्या. त्यामुळे त्यांच्याकडे घड्याळ बाथरूमच्या दारावर आहे आणि किती वाजले हे बघायला पाहुण्यांना पायपुसण्यावर जाऊन उभं राहावं लागतं.

आता एवढ्या विलक्षण स्वभावाला साजेशी नोकरी या पृथ्वीवर कशी असेल, असं तुम्हाला वाटेल. ती आहे आणि भावजींना मिळालेली आहे. न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनरांची ने-आण करणारी एक कंपनी आहे, तिच्या पनवेलच्या ऑफिसात ते प्रोग्रॅमर आहेत. त्या कंपनीचा एक जुना डेटाबेस आहे, म्हणजे कॉम्प्युटरमधले तक्तेच तक्ते: गाड्यांचा एक, मालाचा एक, माणसांचा एक. नवीन प्रोग्रॅम लिहायचा तर त्याला या तक्त्यांची भाषा कळत नाही आणि तक्त्यांना त्याची. म्हणून मध्ये एक दुभाष्या ठेवतात. हा दुभाष्या आधीपासून असलेल्या डेटाबेसकडे बघून प्रत्येक तक्त्यासाठी कोडचा एकेक साचा आपोआप लिहून देतो. त्या साच्याला ते मॉडेल म्हणतात, क्लासही म्हणतात. माणसानं मनानं काही रचायचं नाही, आहे त्यावरून काढायचं. मला हे समजावताना भावजींचा चेहरा असा उजळला होता, की ताई म्हणाली, "लग्नात हा चेहरा कुठे ठेवला होता?"

या कामातला एक नियम मात्र त्यांनी आयुष्याला लावून घेतला. डेटाबेस बदलला की साचे पुन्हा काढावे लागतात, आणि पुन्हा काढले की जुन्या फाइलीवर नवी बसते. त्या फाइलीत तुम्ही हातानं काही लिहिलं असेल तर ते पुसलं जातं. म्हणून आपोआप आलेल्या फाइलीला हात लावायचा नाही. आपलं जे काही असेल ते त्याच नावाच्या, शेजारच्या वेगळ्या फाइलीत लिहायचं. आणि गंमत अशी, की प्रोग्रॅम चालवताना कॉम्प्युटर दोन्ही फाइली मिळून एकच क्लास धरतो.

ताईच्या घरात भावजी असेच शिरले. ताईचे पहिले यजमान अकाली गेले, तेव्हा त्यांची मुलगी मनू अगदी लहान होती. ती चौथीत असताना भावजींचं स्थळ आलं. बघायला आले तेव्हा त्यांनी पगार, जागा, स्वयंपाक काही विचारलं नाही. एकच प्रश्न, "घरात सकाळी पहिलं कोण उठतं?" ताई म्हणाली, "मनू." भावजी म्हणाले, "मग मी दुसरा उठेन." झालं, ठरलं लग्न. त्यानंतर त्या घरातली एक वस्तूही त्यांनी जागची हलवली नाही. भिंतीवरचा मनूच्या बाबांचा फोटो रोज तेच पुसायचे. बाबांच्या खुर्चीत कधी बसले नाहीत. कॉलनीतल्या नव्या जागेत आल्यावरही सगळ्यात आधी फोटो लागला आणि खुर्ची ठेवली गेली. भावजींचा स्वतःचा संसार, म्हणजे दाढीचं सामान, कंगवा आणि एक ट्रान्झिस्टर, दाराजवळच्या स्टुलावर. मी एकदा छेडलं, "भावजी, पुढच्या स्टेशनला उतरायचंय का?" तर म्हणाले, "शेजारच्या फाइलीत बरा आहे मी."

मनू त्यांना काका म्हणायची, तेही अडलं तरच. कित्येक महिने दोघांचं संभाषण 'हो' आणि 'नाही' यापलीकडे गेलं नव्हतं. ते गेलं एका चुकीमुळे. कंपनीच्या कुणा जुन्या प्रोग्रॅमरनं तक्त्यांना मराठी नावं दिली होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. दुभाष्याला बिचाऱ्याला इंग्रजीच येत होतं. नावाच्या शेवटी 'एस' दिसला की हे अनेकवचन असं समजून तो एकवचन करायला 'एस' उडवून द्यायचा. 'दिवस' नावाच्या तक्त्याचा त्यानं 'दिवा' केला. आणि ड्रायव्हर, क्लीनर, हमाल यांचा तक्ता होता 'माणूस', त्याची केली 'मनू'.

भावजी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. मनू मागून पाणी प्यायला आली आणि थांबली.

"काका, तुम्ही माझं नाव का लिहिलंय?"

"मी नाही लिहिलं. आपोआप आलंय."

"एवढ्या ठिकाणी?"

"जिथे जिथे माणूस असतो तिथे येतं," भावजी म्हणाले.

ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती सांगते, पोळी करपली पण तिनं तवा वाजू दिला नाही. मनू खुर्ची ओढून बसली आणि स्क्रीनवर आपलं नाव शोधत राहिली. मग तिनं विचारलं, यात तुम्ही काय लिहिता? भावजींनी तिला शेजारच्या फाइलीचा नियम सांगितला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी ते नाव दुरुस्त करायला सांगितलं. भावजी आयुष्यात एकदाच कुणाशी भांडले असतील तर तेव्हा. "आलंय तसं राहू दे," एवढंच, पण असं म्हणाले, की साहेबांनी विषय सोडला. पुढे कित्येक वर्षं त्या ऑफिसात "आज गेटवर किती मनू आहेत?" असं लोक अगदी गंभीरपणे विचारायचे.

मनूचं लग्न ठरलं आणि कन्यादानाचा प्रश्न आला. भावजींनी स्वतःच सांगून टाकलं, पेणचे मोठे काका-काकू, म्हणजे मनूच्या बाबांचे थोरले भाऊ आणि वहिनी बसतील. ताई चिडली, "म्हणजे मीपण उठायचं का?" भावजी म्हणाले, "मूळ फाइलीला हात लावायचा नाही." ताई म्हणाली, "फाइल नाही, मुलगी आहे ती." पण ते बधले नाहीत. फक्त एकदा, भाजी निवडता निवडता, मला म्हणाले, "कन्यादानाला बसणाऱ्यानं उपास करायचा असतो का हो? सहज विचारतोय." मी म्हटलं, असतो. त्यांनी मान डोलावली आणि भेंडीचे देठ मोडत राहिले.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात सकाळपासून पोह्यांची परात फिरत होती आणि चहाची किटली. भावजींसारखा चहाबाज माणूस प्रत्येक वेळी किटलीला पाठ करून फुलांचे हार मोजत होता. मी बघितलं आणि गप्प बसले. मनूनंही बघितलं. ती गप्प बसणाऱ्यातली नाही. गुरुजींनी कन्यादानाला बोलावलं, मोठे काका शेला सावरत पाटावर बसले, आणि नवरी म्हणाली, "काका, चहा घेतलात?"

दोन्ही काकांनी वर बघितलं. "तुम्ही नाही. तुम्ही," तिनं खांबाआडच्या भावजींकडे बोट केलं.

"ॲसिडिटी झालीय," भावजी म्हणाले.

"आणि पोहे?"

भावजी खांब बघू लागले.

"पहिल्या फाइलीत बाबा आहेत," मनू म्हणाली. "तिला तुम्ही इतकी वर्षं कुणाला हात लावू दिला नाहीत. पण दुसरी तुम्ही लिहिलीय ना? मग आज चालवायच्या वेळी एकच फाइल का चालवायची?"

गुरुजी म्हणाले, "फाइली नंतर बघा, मुहूर्त टळतोय." तेवढ्यात मोठे काका गुडघ्यावर हात टेकून उठले. "बसा हो तुम्ही," त्यांनी शेला काढून भावजींच्या खांद्यावर टाकला. "मी दोन बशा पोहे खाल्लेत. मघापासून कसं सांगावं हाच विचार करत होतो." कार्यालय हसलं. काकूंनी उठून आपला पाट दिला आणि ताई पदर सावरत शेजारी येऊन बसली. मनूच्या हाताखाली भावजींनी आपला हात धरला तो इतका जपून, जणू काही पुसलं जाईल. हाक मात्र काकाच राहिली. दोघांनाही ती बदलावीशी वाटली नाही.

मनू आता पुण्याला असते. परवा भावजी माझ्याकडे आले होते. चहा होता तो प्यायले, सोबत होतं ते खाल्लं. मग म्हणाले, ऑफिसात नवी मुलं आलीत, हुशार आहेत, त्यांनी दुभाष्याची ती खोड काढून टाकली. दिव्याचा पुन्हा दिवस झाला.

"आणि मनू?" मी विचारलं.

"सगळीकडे माणूस आता. बरोबरच आहे ते." कप त्यांनी बशीत नीट मधोमध ठेवला.

विषय बदलावा म्हणून मी विचारलं, झोप वगैरे लागते ना नीट?

"लागते. पहाटे जाग येते फक्त. तुमची ताई उशिरा उठते."

"मग काय, मनूच्या जागी आता तुम्हीच पहिले उठत असाल."

"नाही," भावजी म्हणाले. "थोडा वेळ पडून राहतो. मग दुसरा उठतो."