नथ्थूमामाची उंच गाडी

नथ्थूमामा गेले तेव्हा स्टिअरिंगवरच बसलेले होते. हजीऱ्याला एका कारखान्याच्या गेटबाहेर माल उतरवणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. पुढची गाडी सरकली, मामांची सरकली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले. मग एकजण चिडून उतरला, शिव्या देत खिडकीपाशी आला आणि हात वर करून मागच्यांचे हॉर्न थांबवायला लागला... मला फोन आला तेव्हा मी शिकवते त्या शाळेत होते, मुलं प्रार्थनेला उभी होती. आता त्याला काही आठवडे झाले. मामी थोड्या सावरल्यात, घरातली वर्दळ ओसरलीय, आणि मामांबद्दल काही लिहावं असं मनात आलं की दर वेळी पहिल्यांदा आठवते ती त्यांची पिकअप, आणि तिच्यापायी तुटलेला त्यांचा माणूस.

माझे वडील लवकर गेले. मामांनी आईला आणि मला खान्देशातून डिंडोलीला आपल्या घरी आणलं. मामा तेव्हा तिथे कापड विणणाऱ्या लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात होते. त्यांच्या शेजारच्या यंत्रावर गावचाच सुपडू होता, एकाच आळीत वाढलेला. मी त्यांनाही मामाच म्हणायचे. लूमच्या खडखडाटात बोलून बोलून दोघांना हळू बोलताच येत नसे. रविवारी सुपडूमामा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कोसाडहून जेवायला यायचे आणि दोघांच्या साध्या गप्पा शेजाऱ्यांना भांडण वाटायच्या. पुढे मामांनी धीर करून एक जुनी पिकअप घेतली, कापडाचे ताके मार्केटला पोचवायला लागले. धंद्याचा जम बसला तशी दुसरी घेतली आणि तिची चावी सुपडूमामांच्या हातात दिली. "मी असलो काय आन् हा असला काय, एकच," असं ते सगळ्यांना सांगायचे. ते त्यांना मनापासून वाटतही होतं.

मग हजीऱ्याकडचं काम मिळालं. तिथे आतले कच्चे रस्ते अवजड ट्रकांनी पार उखडलेले. सुपडूमामांची गाडी खालून घासायची. मामांनी तिला कंपनीच्या मापापेक्षा मोठी टायरं बसवून घेतली. घासणं हे कारण होतंच, पण खरं सांगायचं तर त्यांना उंच गाडीचा रुबाबही आवडला होता. गल्लीत गाडी उभी राहिली तेव्हा ते तिच्याभोवती फिरून फिरून बघत होते. उधन्याचा मिस्त्री म्हणाला होता की टायर मोठं केलं तर मागच्या ॲक्सलमधली दात्यांची चाकंही बदलावी लागतील, नाहीतर गाडीला जड जाईल. मामांनी ते हसण्यावारी नेलं.

पुढच्याच महिन्यापासून त्या गाडीचं ॲव्हरेज पडलं. तेवढ्याच डिझेलमध्ये मीटरवर किलोमीटर कमी दिसत. मामांची स्वतःची गाडी त्याच रस्त्याने जाई, तिचं सगळं ठीक. सुपडूमामा दोनतीनदा म्हणाले, "गाडी ओढत नाही रे, भरलेली असली की तिसऱ्या गिअरात दम तोडते. सारखी दुसऱ्यात घ्यावी लागते." मामा नुसते हूं म्हणत. पिकअपच्या स्टँडवर कुणी कुणी कानाशी लागत होतं, की हजीऱ्याच्या वाटेवर डिझेल विकणारे ड्रायव्हर पुष्कळ... मामा घरी येऊन डिझेलच्या पावत्या पुन्हा पुन्हा मांडून बसायला लागले. आई एकदा म्हणाली, "दादा, इचारी ले त्याले सरळ." मामांनी विचारलं नाही.

आणि मग एका सकाळी स्टँडवर, चारचौघांत, त्यांच्या तोंडून गेलं. मी तेव्हा शिकत होते, शाळेत जायला रिक्षाची वाट बघत तिथेच उभी होते. "डिझेल पितेय कोण, गाडी का माणूस?" एवढंच. कुणीतरी हसलं. सुपडूमामांनी मामांकडे पाहिलं, गाडीतून आपला डबा आणि टॉवेल काढला, चावी बॉनेटवर ठेवली आणि पायी चालू लागले.  मामा त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांनी हाक मारली असती तर... पण नाही मारली.

दुसरा ड्रायव्हर मिळेना, म्हणून ती गाडी मामा स्वतः चालवू लागले. ॲव्हरेज तसंच राहिलं. आधी त्यांना वाटलं, पंपावर लबाडी होतेय. पंप बदलला, फरक पडला नाही. मग एकदा हजीऱ्याला जाताना त्यांचं लक्ष रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांकडे गेलं. दगड पुढे जात होते, मीटर मागे राहत होतं. गाडी प्रत्यक्षात जास्त चालत होती आणि मीटर कमी सांगत होतं. ते तसेच मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने समजावलं ते मामांनी घरी येऊन ताटातल्या भाकरीवर बोट फिरवून आम्हाला दाखवलं. मीटर चाकाचे फेरे मोजतं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त रस्ता कापते, मीटरला ते कळत नाही. म्हणजे पडलेलं ॲव्हरेज अर्धंमुर्धं नुसतं दिसण्यापुरतं होतं. उरलेलं खरं होतं, कारण मोठं, जड चाक जुन्याच दात्यांवर फिरवायला इंजिनाला जोर पडे आणि भरलेल्या गाडीला खालच्या गिअरात रखडावं लागे. सुपडूमामा सांगत होते ते अक्षरशः तेच. सांगून झाल्यावर मामांनी ताट बाजूला सारलं. भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन कोसाडला गेले. एकट्याने जायची हिंमत नव्हती, हे मला आता कळतं. सुपडूमामा पुन्हा लूमवर लागले होते. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मामा म्हणाले, "मन्हं चुकनं भाऊ. चाल परत." सुपडूमामांनी कप खाली ठेवला. मग त्यांच्यासाठी फारच हळू आवाजात म्हणाले, "मी सांगी ऱ्हायंतू, गाडी वढत नही. तुले मन्हापेक्षा मीटर जवळनं वाटनं."  परत निघालो तेव्हा सुपडूमामा जिन्यापर्यंत पोचवायला आले, पण कामावर यायचं काही बोलले नाहीत.

मामांनी ती मोठी टायरं काढून टाकली, पहिली मापाची बसवली. गाडी पहिल्यासारखी झाली. स्टँडवर ज्या लोकांसमोर बोलले होते, त्याच लोकांसमोर त्यांनी चूक आपली होती हे सांगितलं. सुपडूमामांपर्यंत ते पोचलंही असेल. पण रविवारी दार वाजलं नाही. पुढे कितीतरी वर्षं लग्नाकार्यात दोघं भेटत, एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करत, आणि वेगवेगळ्या पंगतीत जेवायला बसत. मामा रविवारी दुपारी घरात थांबेनासे झाले. कुठे जाता विचारलं तर म्हणायचे, "जरा फेरी मारून येतो."

दहाव्याच्या दिवशी सुपडूमामा आले. केस पांढरे झालेले, चालताना कठड्याचा आधार घेत होते. मामींना भेटून ते बाहेर माझ्याजवळ येऊन बसले आणि मला म्हणाले, "आमच्या बिल्डिंगखाली चहाची लारी लागते, हातगाडी. रविवारी तिथे यायचा तो. बाकड्यावर बसून एक चहा घ्यायचा, वर बघायचा, जायचा. मला गॅलरीतून दिसायचा."

"तुम्ही कधी हाक नाही मारली?"

"म्हटलं, एवढा आलाय तर येईल वर. त्याला वाटत असेल, दिसलोय तर येईल खाली..." त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "मी खाले उतराले पाहिजे व्हतं, पोरी."

मागच्या रविवारी मी कोसाडला गेले होते. सुपडूमामा घरात नव्हते. खाली लारीजवळच्या बाकड्यावर एकटेच बसले होते, हातात चहा. मला बघून थोडे बाजूला सरकले. मी बसले, तरी आमच्या दोघांच्या मध्ये त्यांनी एका माणसाची जागा सोडली होती.