कल्पनाने टाइप केलेला सात

मी विज्ञानाची शिक्षिका. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. त्यामुळे हे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले... पण मनातून जात नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन मी रत्नागिरीहून सिल्वासाला आले होते, तिथल्याच एका शाळेत शिकवत होते. शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला होता – कीबोर्डमध्येच सगळं मशीन, टीव्हीला जोडायचं. त्यावर बेसिक नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहायचे. मी सुट्टीत त्याचं ट्रेनिंग घेऊन आले होते.

गणिताला कल्पना नावाची हंगामी शिक्षिका होती, शिरपूरकडची. जवळच्या नरोलीत भाड्याच्या खोलीत राहायची. नवरा खडोलीच्या एका कारखान्यात होता. मशीनमध्ये हात सापडल्यापासून घरीच. मुख्याध्यापक तिला म्हणाले, "कॉम्प्युटर शिकवायला लागलात तर तुम्हाला कायम करा म्हणून वर सांगता येईल." ती लगेच माझ्याकडे आली. "ताई, मला शिकवा ना."

पहिल्या दिवशी मी तिला समजावलं – या मशीनला आकडा वेगळा, अक्षरं वेगळी. आकड्याच्या जागी अक्षरं टाकली की 'टाइप मिसमॅच' अशी एरर येते. मग तिला साधी ओळ टाइप करायला सांगितली : LET A=7.

टाइप मिसमॅच.

ओळ अगदी बरोबर होती. मी तीच ओळ टाइप केली, मशीनने मुकाट्याने घेतली. परत तिने केली... एरर. मला वाटलं, बटण खराब असेल. पण पडद्यावर सात स्वच्छ दिसत होता. तिचं बोट धरून मी बटण दाबलं, तरी एरर. बोट सोडून मी एकटीने दाबलं, की चालायचं.

"ताई, तुम्ही गंमत तर नाही करत?"

"नाही गं. मलाच कळत नाहीये."

मग मी वेगळा उपाय काढला. आकडा आधी अक्षरं म्हणूनच घ्यायचा, मग VAL ही आज्ञा वापरून त्याचा आकडा करायचा. एरर गेली. कल्पना खुश झाली. तिने सात आणि पाच टाकले, बेरीज आली – शून्य.

आपण दिलेल्यात आकडाच नसेल तर VAL शून्य देतं. हे मला माहीत होतं, पण तिला सांगायचं धाडस झालं नाही.

तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले त्या दिवशी मी मुख्याध्यापकांना म्हटलं, टायपिंग मी करते, समजावून कल्पनाबाई सांगतील. साहेबांनीच अडवलं. "त्यांनाच करू द्या की." कल्पनाने पोरांसमोर सात टाकला, पाच टाकला. शून्य. पुन्हा टाकले. शून्य. साहेब हसून म्हणाले, "गणिताच्या ना तुम्ही?" मी तिच्या शेजारीच उभी होते, आणि मला काहीही करता येत नव्हतं.

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "ताई, माझं काय चुकतंय तेवढं तरी सांगा."

पुढच्या वर्षी तिला घेतलं नाही. दोघं गावी परत गेली. तो कॉम्प्युटर नंतर कितीतरी मुलांनी वापरला, मास्तरांनी वापरला, शिपायानेसुद्धा. तशी एरर कोणालाच आली नाही.

पुढे कॉम्प्युटरवाल्यांना विचारलं. कोणी म्हणालं लूज कॉन्टॅक्ट, कोणी म्हणालं तुमच्या लक्षात चुकीचं राहिलंय. पण लूज कॉन्टॅक्ट माणूस ओळखतो का?

काही वर्षांनी वापी स्टेशनवर ती भेटली. झेडपीच्या शाळेत लागली होती, तब्येत चांगली होती. बोलता बोलता मी विचारलं, "परत कधी कॉम्प्युटरवर बसलीस का?"

"नाही ताई," ती म्हणाली. "परत शून्यच आलं तर?"

मी विज्ञान शिकवते. तरी 'येणार नाही' असं तिला म्हणू शकले नाही.