बावीस माणसं आणि भाच्याची कंपनी

माझ्या बहिणीच्या मुलानं इंजिनियरिंग केलं, नोकरी धरली नाही आणि कंपनी काढली. कंपनी म्हणजे एक लॅपटॉप आणि मी. त्यात मी आहे हे मला फार उशिरा कळलं.

मी वाळूजला राहते. कारखान्यातली, घरापासून लांब राहणारी बावीस माणसं माझ्याकडून डबा नेतात. ज्वारीची भाकरी, एक भाजी, ठेचा. कोण या आठवड्यात पहिल्या पाळीला, कोण दुसऱ्या, मला पाठ आहे. रिकामा डबा परत आला की त्या माणसाची उद्याची भाकरी धरायची. नाही आला तर तो गावी गेला. माझा कारभार एवढाच, आणि तो चुकत नाही.

भाच्याचं म्हणणं, मोबाईलवर बटण दाबलं की शहरभर भाकरी पोचेल. त्यात पैसे लावणारे लोक पुण्याहून येणार होते. त्यांना दाखवायला त्यानं भाकरीचं यंत्र आणलं आणि महिनाभर आधीच पीठ दळून पोती रचून ठेवली.

"आठ दिवसांत पिठाची विरी जाते रे," मी म्हणाले. "मग भाकरी थापताना चिरते."

"मावशे, ते लोक भाकरी बघायला नाय येत. आणि तू चांगली साडी नेसू नको. ती फिकी नेस."

औरंगपुऱ्यातल्या एका थंडगार ऑफिसात पुण्याचे तिघं बसले होते. यंत्राच्या भाकऱ्या कडेला ठेवल्या होत्या, सगळ्या चिरलेल्या. कुणी तुकडाही मोडला नाही. भाच्याचं बरोबर होतं.

बाजार किती मोठा, पाच वर्षांत किती शहरं, दुसऱ्यानं नक्कल केली तर काय, असलं विचारत होते. भाचा धडाधड उत्तरं देत होता. ज्या शहरांची नावं घेत होता तिथं तो कधी गेलेला नाही. जेवढं खोटं मोठं, तेवढे ते खुर्चीत पुढं सरकत होते. जेवणाऱ्याला भूक कधी लागते, हे एकानंही विचारलं नाही. एवढे शिकलेले लोक, आणि भाकरीकडं पाठ करून भाकरीचा धंदा करायला निघालेले.

मग त्यांच्यातल्या मोठ्यानं विचारलं, "आज पैसे देऊन घेणारे किती आहेत?"

"बावीस, सर. रोजचे. एक पण सुटलेला नाही."

माझ्या कानशिलाला आग लागली. चार माणसांत मला तोंड उघडवत नाही. स्वतःच्या लग्नात मी नावसुद्धा घेतलं नव्हतं. पण तो मोठा साहेब माझ्याकडं वळला. "काय मावशी, ही माणसं कंपनीचीच ना?"

भाचा मागून मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. हो म्हणाले असते तर ती माणसं त्याची झाली असती, आणि उद्यापासून ते मेलेलं पीठ त्यांच्या पोटात.

"नाही," मी म्हणाले. "माझी आहेत. याचं त्यात कुणी नाही."

तिघं हसले. मोठा म्हणाला, "मग तुम्हीच सांगा, किती वाढवता येईल?"

"दोन हातांनी होतंय तेवढंच."

त्याचा चेहरा तिथंच विझला. त्यानं मोबाईल उचलला. जे रोज चालतं ते त्याच्या कामाचं नव्हतं. उठताना भाच्याला म्हणाला, "आयडिया चांगली आहे तुझी. या बाईंना काढ त्यातून आणि पुढच्या महिन्यात ये."

रिक्षात भाचा फणफणला. "नुसतं व्हय म्हणायचं होतं! एरवी तर तुझा आवाज निघत नाय."

"तुझी माणसं तू मिळव. मग मी लई वेळा व्हय म्हणते."

दोन दिवसांनी तो दारात उभा. कंपनीत घ्यायला त्याला त्या बावीस जणांचे नंबर पाहिजे होते. मी चहा दिला. नंबर दिले नाहीत.