कवेएवढी जाळी

परदेशात, टार्निटच्या घरात वरच्या खोलीच्या खिडकीला मी आधी थेट पुण्यासारखी जाळी ठोकली. पक्के गज, वर कुलूप, चावी खाली देवघरात. लेक चार वर्षांची, खिडकीत चढायचा तिला भारी सोस. पुण्याहून आलेले माझे वडील तिच्याच खोलीत झोपायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आग लागली तर चावीसाठी देवघरात धावायचं का गं?" इंजिनिअर म्हणून मिरवणाऱ्या मला हे सुचलंच नव्हतं.

खिडकीबाहेर गॅरेजचं छप्पर होतं, म्हणजे सुटकेची वाट तयारच होती. कुलूप काढून मी जाळीला बिजागऱ्या आणि कडक स्प्रिंगचा खटका लावला. चिमटीत दाबून वर उचलायचा. लेकीने दातओठ खाऊन ओढलं. "इट्स स्टक, ममा!" मी खूश! मग वडिलांना बोलावलं. संधिवाताने आखडलेली त्यांची बोटं तीनदा घसरली.

"मजबूत झालंय हो," ते हसून म्हणाले. संध्याकाळी मात्र अंथरूण गुंडाळून खाली सोफ्यावर घेऊन गेले. "वेळ आली तर माझ्याच्याने पोरीला बाहेर काढवणार नाही. मी तिच्याजवळ नको, तू झोप." मला रडू आलं आणि स्वतःचा रागही.

दुसऱ्या दिवशी लेक किंडरमधून, तिच्या बालवाडीतून, आली ती त्यांच्याकडे धावली. त्यांनी हात पसरले, ती अख्खी कवेत मावली. तिचे हात मात्र त्यांच्या पोटाला अर्धेही पुरेनात. मी बघतच राहिले. इतके दिवस मी जोर मोजत बसले होते, मोजायचं होतं दोन हातांमधलं अंतर!

खटका काढून जाळीच्या दोन टोकांना दोन रुंद पट्ट्या बसवल्या. तळहाताने सहज दबतील अशा, पण दोन्ही एकदम दाबल्या तरच जाळी सुटेल. लेक एक दाबून दुसरीकडे पळायची, तोवर पहिली वर. शेवटी रुसून बसली.

वडिलांनी डोळे मिटले, हात पसरले, तळवे टेकवले. टक् आवाज झाला आणि जाळी दारासारखी आत उघडली. तेच गज तिला अडवत होते, त्यांना वाट देत होते, आणि हे मला त्या मिठीने शिकवलं होतं.

त्यांनी आणखी दोनदा उघडून पाहिलं. मग खाली गेले, आणि अंथरूण काखेत मारून जिना चढू लागले.