बपेरा ते तुमसर, मध्ये एकदा बसून

अख्ख्या भंडारा जिल्ह्यात माझ्या मावसाजींइतका बसण्याचा तिरस्कार करणारा माणूस झाला नाही आणि पुढेही होणार नाही. ते चहा उभ्याने पीत, बिडी उभ्याने ओढत. दाढीलाही उभेच राहत, आणि अर्धी दाढी झाली की तलावावरचं काही आठवून धावत सुटत. उरलेली अर्धी संध्याकाळी होई. न्हावी तक्रार करी, पण त्यालाही सवय झाली होती. एकदा ते तुमसरहून एसटीने येत होते. बस चढावर कुंथायला लागली, तसे मावसाजी अस्वस्थ झाले आणि उतरून धावू लागले. छत्री आत राहिली. पुढच्या थांब्यावर बस पोचली तेव्हा मावसाजी छत्री मागायला तिथे हजर होते. कंडक्टर म्हणाला, "अजी, मंग तुमी बसले कायले होते?" मावसाजी म्हणाले, "तिकीट काढलं होतं ना गा."

ते आमच्या बपेऱ्याचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ सोडायचं हे पाणकर ठरवतो, आणि धान गर्भात असताना त्याच्यावर सगळ्या गावाचा डोळा असतो. मावसाजी तलावाच्या पाळीवरून दिवसातून वीसेक वेळा धावत. पाटलाची बांधी असो की मजुराची, पाणी त्यांच्याकडे सारखंच मिळे. मी त्या वयात पत्रकांवर वाढलेला मुलगा होतो. समता हा शब्द मी रोज तीन-चार वेळा लिहीत असे, पण ती चिखलात पाय रोवून वाटताना मी पाहिली ती फक्त मावसाजींना.

या धावण्यानेच त्यांचं एकदा वाईट केलं. माझी आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, दोघी बपेऱ्यात दिलेल्या. त्यांचं माहेर तुमसरच्या वाटेवर, निम्म्या अंतरावर, सडकेला लागून. तिथे माझ्या मोठ्या मामांच्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडे पंगतीचा एक नियम आहे. शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी उठायचं नाही. मोठे मामा अतिशय सावकाश जेवणारे. पहिल्या भाताशीच त्यांचा अर्धा तास जाई. मावसाजींचं जेवण झालं, त्यांना तलावाचं दार उघडं राहिल्याचं आठवलं आणि ते सरळ उठून धावत बपेऱ्याला निघाले. सगळी पंगत तोंडात घास धरून बघत राहिली. मामा मागून ओरडले, "ज्याले पंगतीत बसता येत नाई, त्यानं माह्या दारात येऊ नये!" मावसाजी धावता धावताच वळून म्हणाले, "तुमी सोता पाट मांडल्याबिगर येतच नाई!"

झालं. पाच वर्षं दोघांपैकी कोणी हललं नाही. माहेरवाशिणीला न्यायला भाऊ यावा लागतो. मामा येत ते माझ्या आईला न्यायला, आणि मावशीच्या दारावरून मान खाली घालून जात. आई परतली की मावशी लगेच आमच्याकडे येई. "माय कशी आहे? जेवते का? माह्याबद्दल पुसत होती का?" आजी तेव्हा खाटेला लागत चालली होती. आई खरं ते सांगे, आणि मावशी पदर सारखा करत घरी जाई.

ऐंशी साल उलटल्यावर दोन-तीन वर्षांनी तुमसरच्या एका व्यायाम मंडळाने मॅरेथॉन जाहीर केली, बपेरा ते तुमसर. मॅरेथॉन नेमकी किती लांब असते हे मंडळात कोणाला पक्कं माहीत नव्हतं, पण एसटीत बसून कंटाळा येतो एवढं अंतर होतं, त्यामुळे सगळ्यांचं समाधान झालं. नियमांत 'धावपटूंनी बूट घालणे आवश्यक' असं एक वाक्य होतं. ते वाचून माझं रक्त उसळलं. मी रात्रभर जागून 'अनवाणी पायांचा हक्क' नावाचं पत्रक लिहिलं, सायक्लोस्टाइल केलं आणि तुमसरभर वाटलं. मंडळाने घाबरून तो नियम काढला. मी ही बातमी मावसाजींना सांगायला गेलो, तेव्हा ते अंगणात नव्या कॅनव्हासच्या बुटांना खडू लावत उभे होते.

"आता बूट लागत नाहीत, मावसाजी! आपण लढा जिंकलो!"

"बरं झालं गा," ते म्हणाले, "पण मले बूट घालाचे आहेत. जलमात कवा घातले नाई."

मावशी आतून बाहेर आली. तिने मला एकच प्रश्न विचारला. "बापू, हा रस्ता माह्या माहेरावरूनच जाते ना?" मी हो म्हणालो. मावसाजी खडू उगाळत तिच्याकडे न बघता म्हणाले, "मी काई थांबत नाई तिथं. पन सडकेवरून अंगण दिसते. सासू खाटेवर उठून बसते का नाई, तेवढं पाहून येईन तुह्यासाठी." तेव्हा मला कळलं की हा माणूस कशासाठी धावणार आहे.

तयारी जोरात झाली. मी वाचनालयातल्या मासिकातून सल्ले उतरवून आणले. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, असं त्यात होतं. मावसाजींनी विश्रांतीच्या दिवशी हळू धावायचं ठरवलं. बाकी दिवस पहाटे पेज पिऊन ते सडकेला लागत आणि सकाळच्या एसटीशी शर्यत लावत. ड्रायव्हरही इरेला पेटे, आणि मधल्या थांब्यांवरचे प्रवासी हात दाखवून तसेच राहत. त्यांनी माझ्याकडे तक्रार केली, की यावर एखादं पत्रक काढा.

शर्यतीच्या दिवशी मी सायकलवरून मावसाजींच्या मागे होतो. पन्नासेक जण निघाले. त्यांत बरेचसे कॉलेजातले, काही पोलीस भरतीची तयारी करणारे. पहिल्या दोन गावांतच मावसाजी सगळ्यांच्या पुढे गेले. मी मनातल्या मनात पुढचं पत्रक लिहायला घेतलं. 'पाणकर पहिला' हे शीर्षकही ठरलं.

आजोळचं गाव आलं. मावसाजींनी मान उजवीकडे वळवली, अंगण बघायला. पण अंगणाच्या अलीकडे, सडकेच्या कडेला, मोठे मामा उभे होते. हातात पाण्याचा लोटा. पायाशी लाकडी पाट आणि त्यापुढे पत्रावळ. त्यांच्या मागे अर्धं गाव.

"जवाई," मामा म्हणाले, "पाट मांडला."

मावसाजी थांबले, पण पाय थांबेनात. ते जागच्या जागी धावत राहिले. "सासू कशी आहे?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"तुमच्या बायकोले पुसून राहिली. रोज पुसते. बसा."

मी ओरडलो, "मावसाजी, मागचे येऊन राहिले! परतताना बसा!" मावसाजींनी माझ्याकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, आणि बूट काढले. मामांनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं. मावसाजी बसले. भात वाढला गेला, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी. त्यांनी चार मिनिटांत पत्रावळ साफ केली. मी सुटकेचा निःश्वास टाकतो तोच शेजारी दुसरा पाट पडला आणि मोठे मामा स्वतः जेवायला बसले.

आता मावसाजींना उठता येणार नव्हतं. मामांनी पहिला घास घेतला आणि तो चावू लागले. पहिला धावपटू गेला. मामांनी डाळ मागितली. आणखी तिघे गेले. मी सायकल टाकून मामांपुढे हात जोडले. "मामा, जरा लवकर जेवा हो!"

"जेवनात घाई करू नाई, बापू," मामा म्हणाले, "अन्न अंगी लागत नाई."

मावसाजी मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, वर्गातल्या पहिल्या दिवसाच्या मुलासारखे बसले होते. त्यांची मांडी थरथरत होती. पण ते उठले नाहीत. सव्वीस माणसं समोरून गेली, ती मी मोजली. मामांनी हात धुतला, ढेकर दिली, आणि म्हणाले, "जा आता."

पाय सुजून बुटांत जाईनात. बूट गळ्यात अडकवून मावसाजी अनवाणी निघाले. पोटात भात घेऊन त्यांनी सात जणांना मागे टाकलं. तुमसरच्या वेशीवर त्यांनी अर्धी पंगत रस्त्याकडेला परत केली आणि विसावे आले. मंडळाने त्यांना एक संत्रं दिलं.

माझा राग आवरत नव्हता. कष्टकऱ्यांचा विजय एका पत्रावळीवर घालवला, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो. त्यांनी संत्रं सोलून अर्धं मला दिलं.

संध्याकाळी मामांनी त्यांना स्वतःच्या खाचरात, म्हणजे छोट्या बैलगाडीत, आडवं घालून बपेऱ्याला आणलं. खाचर दारात थांबलं, मावसाजींना चौघांनी उतरवलं, आणि मामा म्हणाले, "चाल वो, न्यायले आलो." मावशीने चूल तशीच सोडली. गाठोडं बांधायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. शर्यतीत कितवे आले हे तिने नवऱ्याला विचारलंदेखील नाही. ज्या खाचरातून ते आले, त्यातूनच ती गेली.

त्यामुळे त्यांच्या पायांची सेवा माझ्या वाट्याला आली. तळव्यांचे फोड मोठे होते. मी गरम पाणी करी, मोहाच्या बियांचं तेल पोटऱ्यांना चोळी आणि चोळता चोळता त्यांना वर्गसंघर्ष समजावी. ते खाटेवर पडून ऐकत. दहा दिवस त्यांना जमिनीवर पाय टेकता आला नाही. गावात त्या दहा दिवसांत पाण्यावरून तीन भांडणं झाली.

"तुमी पहिले आले असते, मावसाजी," मी शेवटी एकदा म्हणालो.

"आलो असतो," ते म्हणाले. "जरा टाचेले लाव गा."

मावशी महिन्याने परतली. थोडी भरली होती, हातांत हिरव्या बांगड्या होत्या. दोन दिवस ती एकसारखी बोलत होती. आजी काय जेवली, कशी हसली, रात्री हात धरून कशी झोपली. सगळं सांगून झालं की पुन्हा पहिल्यापासून. मावसाजी ऐकत होते. मीही उंबऱ्यात बसून ऐकलं. शर्यतीच्या दिवशी मनात लिहायला घेतलेलं पत्रक मी पुढे पूर्ण केलं नाही.

मामा नंतर मावशीला आणखी दोनदा घेऊन गेले. आजी पुढच्या उन्हाळ्यात गेली. मावशी तेव्हा तिच्याजवळ होती.