यंदा काय खरं न्हाय

उत्तनजवळच्या पालीच्या तांडेलांनी मला एक अख्खा पावसाळा जगवलं, हे आधी सांगतो. कसं जगवलं ते मागाहून. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. होडी सोडून कैक वर्षं झाली तरी त्यांना सगळे तांडेलच म्हणत. आमच्या हुतूतूच्या संघाचे ते वस्ताद होते, आणि या माणसाने आपल्या संघाबद्दल कधी एक चांगला शब्द तोंडातून काढला नव्हता.

भाईंदरच्या खाडीकाठी एका शेठचं मिठागर होतं. मीठ पिकतं उन्हात. पाऊस लागला की आगर बंद आणि मजूर आपापल्या गावी. पण शेठना हुतूतूचं वेड. संघातल्या गड्यांना ते पावसाळाभर ठेवून घेत. झोपायला मिठाची रिकामी कोठी, दोन वेळचा भात, वर पगार. त्या बदल्यात दसऱ्यापासून होळीपर्यंत मुंबई-ठाण्याचे सामने मारायचे. मी चौथीतून शाळा सोडून घाटावरून आलेला. घरी आई दुसऱ्याच्या रानात राबायची आणि पाठची दोघं तिच्याच ताटात जेवायची. पावसाळ्यात मी परत गेलो असतो तर तिच्या चुलीला आणखी एक तोंड. संघातली जागा म्हणजे माझं पोट होतं, आणि ती जाईल या धास्तीने मी झोपेतही दम धरायचो.

ती जागा तांडेलांनीच दिली. आगरात पहिल्याच वर्षी टोपलीवरून माझं भांडण झालं. तिघांनी मला चिखलात दाबायला बघितलं आणि मी तिघांनाही ओढत बांधापर्यंत नेलं. बांधावर तांडेल विडी ओढत उभे होते. "ह्या घाट्याला आखाड्यात आना," ते म्हणाले. "मातीत मिलेल, पन आना."

दर ज्येष्ठात शेठ आगरावर यायचे आणि येत्या हंगामाचं विचारायचे.

"काय तांडेल, यंदा टीम कशी?"

"यंदा काय खरं न्हाय, शेठ. बाबल्याचे गुडघे गेले. घाट्याचा दम म्हशीचा, पन अक्कल पन म्हशीचीच. पयल्याच सामन्याला हात हालवत घरी येनार."

शेठ पोट धरून हसायचे. "म्हणजे जोरात आहे! मुकादम, यांचा तांदूळ भरा."

पहिल्या वर्षी हे ऐकून मी गाठोडं बांधायला घेतलं होतं. मग बाबल्याने समजावलं. बाबल्या आमचा सगळ्यात पट्टीचा चढाईवाला, उत्तनचाच. तो म्हणाला, "अरे, होडीवाल्यांची रीत ती. दर्यात जायच्या आधी चांगलं बोलायचं नसतं. आज होडी भरून आनतो असं कोन बोलला, तर दर्या ऐकतो." पालीच्या ख्रिस्ती कोळीवाड्यात असं बोलत की तांडेलांचा धाकटा भाऊ एकदा हेच बोलून होडीत बसला आणि परत आला नाही. तांडेलांनी मला हे कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

रीत सांगणाऱ्या बाबल्यालाच एकदा ताठा चढला. ठाण्याच्या सामन्याआधी मिशीला पीळ देत म्हणाला, "आज ढाल आपलीच!" तांडेलांनी त्याला कान धरून बाहेर बसवला. त्याच्यावाचून खेळलो आणि सपाटून हरलो. परत येताना बाबल्या फुरंगटून म्हणाला, "मी असतो तर जिंकलो असतो ना?"

"जिकलो असतो," तांडेल म्हणाले. "पन तुझी जीभ आधी जिकली असती."

एवढं कडू बोलणारा माणूस, पण हात फार मऊ. खाऱ्या पाण्याने आमच्या टाचा उभ्या फुटायच्या. त्या भेगांत मीठ गेलं की आखाड्यात पाऊल टेकवत नसे. रोज संध्याकाळी तांडेल खोबरेल गरम करून आणायचे आणि एकेकाचे पाय मांडीवर घेऊन चोळायचे. चोळताना शिव्या चालूच. "ह्यो पाय हाय का सुका बोंबील?" माझ्या पायांना इतक्या मायेने आईनंतर कुणी हात लावला नव्हता.

मग दुसऱ्या महायुद्धाचे दिवस आले. तांदूळ दिसेनासा झाला. त्यातच मोठे शेठ वारले आणि कारभार धाकट्या शेठकडे आला. ते मुंबईत वाढलेले; आगरावर क्वचित येत. त्या ज्येष्ठात आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तांडेल, सच बोलो. यंदा टीम जिंकेल?"

तांडेलांनी सवयीने मान हलवली. "काय खरं न्हाय, शेठ. गुडघे गेले, दम गेला. पयल्याच सामन्याला घरी येनार."

आम्ही शेठना हसू येण्याची वाट बघत उभे राहिलो. ते आलं नाही.

"मग पोसायची कशाला?" ते म्हणाले. "मुकादम, यांनाही बाकीच्यांबरोबर सोडा."

ते कचेरीत निघून गेले तरी तांडेल तिथेच उभे. आपलं बोलणं कुणी खरं मानील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. "तांडेल, काय करून बसलात हो!" बाबल्या ओरडला. त्यांनी त्याला शिवीसुद्धा दिली नाही. त्या संध्याकाळी तेलाची वाटी आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गाठोडं बांधलं. आईला काय सांगायचं ते जुळवत बाहेर पडलो, तर तांडेल शेठच्या कचेरीच्या पायरीवर. टोपी हातात. त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली.

"शेठ, काल मी खोटं बोललो. ही पोरं यंदा जिकनार. समद्यांना हरवनार."

माझ्या शेजारी बाबल्याने दोन्ही कानांवर हात ठेवले.

धाकटे शेठ म्हणाले, "काल एक, आज एक. कोणतं धरू?"

"आजचं."

"आणि हरले तर?"

"माझी जागा आजच घ्या. माझा तांदूल ह्यांच्यात घाला. मंग तर झालं?"

"ठीक आहे. टीम राहू दे. वस्ताद नको."

तांडेलांनी टोपी घातली आणि माझ्या हातातलं गाठोडं काढून कोठीत फेकलं. "जेव आता, म्हशी," म्हणाले आणि पालीची वाट धरली.

तो पावसाळा आम्ही जेवलो. पाऊस ओसरून होड्या पुन्हा दर्यात जायला लागल्या तेव्हा मी पालीला गेलो. पाद्रीबाबांनी होड्यांवर पवित्र पाणी शिंपडलं होतं. तांडेल पुतण्याच्या होडीवर खलाशी म्हणून चढत होते. जन्मभर ज्याने हुकूम सोडले तो आता दुसऱ्याच्या हुकुमावर जाळं ओढणार होता, पिकल्या केसांनी.

'भरपूर मासळी मिळो' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले.

"तांडेल, यंदा काय खरं न्हाय," मी म्हणालो. "जाळं फाटकं, होडी गळकी, आणि तुम्ही म्हातारे."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. "शिकला रं घाटी," एवढंच म्हणून ते दोराकडे वळले.

आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. नाताळाआधी धाकट्या शेठनी संघ मोडला. पण त्या हरलेल्या सामन्यातली माझी चढाई नागपूरच्या एका गिरणीवाल्याने बघितली, आणि मी आणखी दूर येऊन पडलो. इथेही हुतूतूवरच नोकरी आहे. दर हंगामाआधी साहेब विचारतात, संघ कसा? मी तांडेलांचंच उत्तर देतो, पण आधी हसून दाखवतो, म्हणजे त्यांचा गैरसमज होणार नाही.

गेल्या वर्षी बाबल्या भेटला. जाळ्याच्या दोरात तांडेलांच्या उजव्या हाताची बोटं गेली म्हणाला. आता दर्यावर जात नाहीत. घरापुढे बसून डाव्या हाताने जाळी विणतात. आमच्या टाचा चोळल्या, त्या उजव्याच हाताची बोटं गेली.

एक दिवस मी पालीला जाणार आहे. त्यांना इथे आणीन, आखाड्याच्या कडेला वस्तादाच्या जागी बसवीन, आणि संध्याकाळी त्यांचे पाय माझ्या मांडीवर असतील. पण हे लिहितानाही हात अडखळतोय. चांगलं असं उघड बोलायचं नसतं. म्हणून, तांडेल, तुमच्याच शब्दांत सांगतो: मी येईन असं काय खरं न्हाय. वाट मात्र बघा.