बारीक तारेचा स्क्रू

उन्हाळ्याच्या सुट्टीत जग पाय पसरून बसतं, तेव्हा आमच्या ह्यांच्या मागे सहा आठवड्यांचं व्हायोलिनचं शिबिर लागतं. बेचाळीस मुलं, दिवसाला सात तास वाजवणं, आणि सकाळी आठच्या आत सगळी व्हायोलिनं सुरात लावून टेबलांवर मांडायचं काम ह्यांचं. एकवीस वर्षं झाली. मुलं ह्यांना खुंटीकाका म्हणतात, कारण खुंटी पिळताना ह्यांची जीभ बाहेर येते.

यंदा मात्र हे पहिल्याच आठवड्यात थकले. घरी आले की बूट काढायचंही जिवावर येई. टीव्हीचा आवाज इतका, की शेजारीण म्हणाली, "तुमच्यामुळे आम्हाला बातम्या घरबसल्या कळतात हो!" मी कान तपासायचा विषय काढला की हे खेकसायचे. कान गेला तर काम गेलं, आणि काम गेलं तर हा माणूस खिडकीत बसून माझ्या स्वयंपाकात चुका काढणार. भीती दोघांनाही होती, तोंड कुणीच उघडत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात ह्यांनी नवीच कुरकुर सुरू केली. व्हायोलिनच्या सगळ्यात बारीक तारेला खाली एक छोटा स्क्रू असतो, तो आवळला की सूर जरासा चढतो.

"रोज सकाळी बघतो तर सगळे स्क्रू अर्धा फेरा आवळलेले! कार्टी नुसते चाळे करतात. मी सैल करायचे, त्यांनी पुन्हा आवळायचे. कंटाळलो बाई."

मी भांडी घासत होते. "मुलंच ती," एवढंच म्हटलं.

कारण मला सगळं ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात शिबिराच्या मोठ्या बाईंचा फोन आला होता. "काकांकडून बारीक तार उतरलेली लागते. मुलं आपापली चढवून घेतात. तुम्ही त्यांना बोलू नका." मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं होतं.

शेवटच्या आठवड्यात हे डबा घरीच विसरले, म्हणून मी द्यायला गेले. हे एका नऊ वर्षांच्या मुलीवर ओरडत होते. तिची बोटं अजून स्क्रूवरच होती.

"हात लावायचा नाही म्हणून कितीदा सांगायचं?"

पोरगी रडवेली झाली, पण खमकी. "पण काका, ती रोजच उतरलेली असते. बाई म्हणाल्या, काकांना न सांगता लावून घ्या."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या डब्याकडे पाहिलं. तेवढ्यावरून ह्यांना कळायचं ते कळलं.

घरी आल्यावर हे बूट न काढताच खुर्चीत बसले.

"म्हणजे रोज पोरं लावत होती आणि मी बिघडवत होतो. वर त्यांनाच ओरडत होतो."

मी पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी हे जातात की नाही, ही धाकधूक होती. गेले. मीही मागोमाग गेले. ह्यांनी पहिलं व्हायोलिन घेतलं, तीन तारा लावल्या, जीभ बाहेर काढूनच. मग त्या पोरीला हाक मारली आणि व्हायोलिन तिच्या हातात दिलं.

"चौथी तू लाव. मला नीट ऐकू येत नाही."

तिने लावली. "झाली, काका."

ह्यांनी पुढचं उचललं. अजून एक्केचाळीस होती.